आधी पाणी, मग व्याकरण

या वेळच्या टपालात इंदापूरहून एक पत्र आलंय. लोणच्याला बुरशी का येते, केस का गळतात, पहिल्या बाळंतपणाला माहेरी कधी जावं, अशी पत्रं आपल्याकडे नेहमीच येतात. हे पत्र मात्र एका भाषेबद्दल आहे. ती भाषा दिवाळीपर्यंत नऊ जणांना येत होती आणि आता तिघीच ती बोलतात, असं ताईंनी लिहिलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू गेलं. त्या नऊ जणांच्या गोष्टीत मला आपली घरं दिसली, आपली महिला मंडळं दिसली, आणि नवी नवरी म्हणून उंबऱ्याच्या आत आलेली मी स्वतःही दिसले.

पण आधी सुरुवातीपासून सांगते.

तुमच्यापैकी बऱ्याचजणी लहानपणी ‘च’ची भाषा बोलल्या असतील. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी न्यायचं आणि पुढे ‘च’ लावायचा. पाणी म्हणजे ‘चणीपा’. घरी म्हणजे ‘चरीघ’. शब्द एकाच अक्षराचा असला तर नुसता ‘च’ पुढे जोडायचा, म्हणजे मी झाले ‘चमी’. आणि चहा? ‘चहाच’! मोठ्या माणसांसमोर गुपितं बोलायची ही आपली हक्काची भाषा होती. तिला कुणी व्याकरण लिहिलं नव्हतं, तरी भांडणं मात्र व्हायची. बारामतीचं ‘चरामतीबा’ होतं, त्यात वाद नाही. पण इंदापूरचं काय करायचं? डोक्यावरचं टिंब ‘इ’बरोबर शेवटी जातं की मागंच राहतं? ‘चदापूरइं’ म्हणायचं की ‘चंदापूरइ’? अशा भांडणात आमची अख्खी दुपार जायची आणि बिचारं धाकटं भावंड, ज्याला अजून ‘चणीपा’सुद्धा जमत नाही, ते ओट्यावर बसून रडायचं.

इंदापूरच्या ताईंच्या घरी नेमकं हेच झालंय, फक्त थोडं मोठ्या मापानं.

त्यांची लेक बारामतीला अकरावीत शिकते. वसतिगृहात राहते, शनिवारी एस.टी.नं घरी येते. गेल्या उन्हाळ्यात तिनं दिराच्या आणि शेजारच्या मुलांना जमवून ‘च’च्या भाषेवरून सुरुवात केली, आणि पुढे स्वतःचीच एक भाषा रचली. शब्द नवे, नियम नवे. तो आला, ती आली, ते आलं, या तिन्हींसाठी एकच रूप. अनेकवचन करायला सगळ्या शब्दांना एकच शेपूट. शंभर पानी वही भरत आली. ताईंची धाकटी जाऊ मे महिन्यात लग्न होऊन आलेली. तीही मुलांत बसायला लागली. “ती घरात पहिल्यांदा मोकळं हसली ते या भाषेच्या नादानं,” असं ताई लिहितात. लेकीच्या बारामतीच्या दोन मैत्रिणींनाही गोडी लागली. दोघीही व्याकरणात पक्क्या. दिवाळीला त्या चार दिवस इंदापूरला राहायला आल्या आणि तिथं बिनसलं.

वाद निघाला ‘आपण’ आणि ‘आम्ही’वरून. मराठीत “आम्ही जेवायला निघालो” म्हटलं की समोरचा त्यात धरलेला नसतो. “आपण जेवायला जाऊ” म्हटलं की समोरचाही पानावर आला. इंग्रजीत दोन्हींना मिळून एकच शब्द, ‘वी’. मग नव्या भाषेत दोन शब्द ठेवायचे की एक? गच्चीवर दोन-दोन तास खल चालला. मध्येच दिराचा तिसरीतला मुलगा विचारी, “पाण्याला काय म्हणायचं?” पहिल्यांदा उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा “वहीत बघ” मिळालं. तिसऱ्यांदा “आधी नियम पाठ कर, मग ये!” जाऊबाईंनी विचारलं, “क्रियापद शेवटीच घालायचं ना?” तर एक मैत्रीण फिस्सकन हसली आणि लेक म्हणाली, “काकू, तुम्हाला नाही जमायचं हे.” जाऊबाई “भात लावायचाय” म्हणून उठल्या, त्या पुन्हा गच्चीवर गेल्या नाहीत. भाऊबीजेला मुलं क्रिकेट खेळायला गेली. आता तिघीच उरल्यात आणि त्यांच्यातही अबोला आहे.

ताई लिहितात: “मी लेकीला रागावले. म्हटलं, सगळ्यांना बोलता येईल असं बोला, नाहीतर ते व्याकरण बंद करा. ती म्हणाली, व्याकरण नसेल तर भाषाच नाही. दोन दिवस धड जेवली नाही. हे म्हणतात, खूळ आहे, वही माळ्यावर टाक. तुम्हीच सांगा, चुकलं कोणाचं?”

ताई, पहिलं उत्तर आधी देते. वही माळ्यावर टाकू नका.

अशीच एक वही सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पोलंडमधल्या एका मुलानं भरली होती. लुडविक झामेनहोफ त्याचं नाव. १८५९ मध्ये बियालिस्तोक गावी जन्मला. त्या गावात रशियन बोलणारे वेगळे, पोलिश वेगळे, जर्मन वेगळे, यिद्दिश बोलणारे ज्यू वेगळे, आणि एकमेकांचं पटत नसे. सगळ्यांना मिळून एक सोपी भाषा असावी, असं या पोरानं मनात घेतलं. १८७८ मध्ये, शाळेत असतानाच, त्यानं मित्रांना जमवून आपल्या भाषेचा वाढदिवससुद्धा केला. वडिलांना ते खूळच वाटलं. मुलगा डॉक्टरकी शिकायला गेला तेव्हा कागद वडिलांकडे राहिले, आणि त्यांनी ते जाळून टाकले असं सांगतात. मुलानं भाषा पुन्हा उभी केली. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि १८८७ मध्ये वॉर्सात त्यानं चाळीसेक पानांचं पुस्तक छापलं. छपाईचा खर्च सासऱ्यांनी दिला, म्हणजे क्लाराच्या, त्याच्या होणाऱ्या बायकोच्या, माहेरचा पैसा त्यात गेला. नाव घेतलं ‘डॉक्टर एस्पेरान्तो’, म्हणजे आशा धरून असलेला. तेच नाव भाषेला पडलं. आजही देशोदेशी ती शिकणारी आणि बोलणारी माणसं आहेत.

त्या पुस्तकात व्याकरणाचे नियम होते अवघे सोळा आणि मूळ शब्द नऊशेच्या आसपास. गंमत म्हणून एक वाक्य सांगते: “मी त्रिंकास आक्वोन.” म्हणजे मी पाणी पितो. किंवा पिते! क्रियापदात बाई-पुरुष भेद नाही. आणि ‘मी’ म्हणजे आपलंच ‘मी’. पाणी म्हणजे ‘आक्वो’. त्याच्या शेवटी लागलेला ‘न’ हे कर्माचं चिन्ह. या एवढ्याशा ‘न’नं पुढे केवढं रामायण केलं, ते सांगतेच.

पण त्याआधी एका बुडालेल्या भाषेची गोष्ट ऐका, कारण तुमच्या गच्चीवर झालं ते तिथं आधी झालं होतं.

जर्मनीत श्लायर नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांनी १८७९-८० मध्ये ‘वोलापूक’ नावाची भाषा काढली. ती वणव्यासारखी पसरली. दहा वर्षांत पावणेतीनशेच्या वर मंडळं निघाली. १८८९ मध्ये पॅरिसला तिसरं अधिवेशन भरलं तेव्हा तिथला सगळा कारभार वोलापूकमध्येच झाला. आणि तिथूनच उतरती कळा लागली. जाणकारांचं म्हणणं, भाषा अवघड आहे, रूपं फार आहेत, कमी करू. श्लायर म्हणाले, भाषा माझी, शेवटचा शब्द माझा. केर्कहोफ्स नावाचे मोठे अभ्यासक त्यांच्या अकादमीचे प्रमुख होते, ते १८९१ मध्ये राजीनामा देऊन गेले. मग ज्यानं त्यानं आपापली सुधारलेली भाषा मांडली. आता विचार करा, एखादी नवी बाई शिकायला आली तर तिनं कोणतं वोलापूक शिकायचं? कालचं, आजचं, की उद्या निघणारं? नवी माणसं यायची थांबली. न्यूरेम्बर्गचं मंडळ तर उठून एस्पेरान्तोकडे गेलं. आज डेन्मार्कमध्ये काही कळेनासं झालं की ‘हे तर निव्वळ वोलापूक’ म्हणायची रीत आहे. सगळ्यांना समजावी म्हणून काढलेली भाषा, आणि तिचं नाव उरलं ते न समजणाऱ्या बोलण्याला!

आता ताईंची लेक म्हणेल, म्हणजे वाद घालायचाच नाही का?

तसं नाही. एस्पेरान्तोतही वाद झाले आणि चांगले कडाक्याचे झाले. टोपीवाली अक्षरं कशाला हवीत, तो कर्माचा ‘न’ कशाला हवा, असं जाणकार विचारू लागले. झामेनहोफनं श्लायरसारखा हट्ट धरला नाही. १८९४ मध्ये त्यानं स्वतःच सुधारणा मांडल्या आणि मासिकाच्या वर्गणीदारांची मतं घेतली. बहुसंख्य वाचकांनी सांगितलं, नको, आहे तीच राहू द्या. आम्ही मेहनतीनं शिकलोय, ती पायाखालून काढू नका. त्यानं ते मानलं. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बूलोन गावी पहिलं जागतिक अधिवेशन भरलं, तिथं ठरलं की भाषेच्या पायाला कुणीच हात लावायचा नाही, खुद्द झामेनहोफनंसुद्धा. त्या पायाचे तीन भाग: सोळा नियमांचं व्याकरण, शब्दकोश, आणि तिसरा भाग म्हणजे नवशिक्यांसाठी वाक्यांचा सराव. बघा, ज्याला हात लावायचा नाही त्या पायातच नवशिक्याचं पुस्तक घालून ठेवलं! आणि भाषेच्या बारीक प्रश्नांसाठी त्याच वर्षी एक वेगळी समिती केली. वाद बंद केला नाही, त्याला त्याची खोली दिली.

तरीही १९०७ मध्ये फूट पडलीच. काही विद्वानांनी ‘इदो’ नावाची सुधारलेली भाषा काढली. तीत टोपीवाली अक्षरं नाहीत आणि तो ‘न’ही बहुतेक ठिकाणी गेला. पुढाऱ्यांपैकी बरेच तिकडे गेले. पण साधे शिकणारे, बोलणारे लोक फारसे गेले नाहीत. त्यांना आपली पाठ झालेली वाक्यं प्रिय होती. इदोत सुधारणांचा सिलसिला चालूच राहिला, आणि इदोच्या मोठ्या आधारांपैकी एक, डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन, यांनी १९२८ मध्ये आणखी एक नवीच भाषा काढली. सारख्या भिंती पाडत राहिलं की स्वयंपाक कुठं करायचा?

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. झामेनहोफ लोकांच्या भाषेविषयीच्या शंकांना मासिकातून उत्तरं देई, अगदी आपल्या या सदरासारखी. पुढे ती उत्तरं एकत्र करून पुस्तक झालं. त्याच्यापेक्षा त्या भाषेचा मोठा जाणकार कोण असणार? पण त्यानं “पुस्तकात बघा” म्हणून कुणाला परत पाठवलं नाही.

आणि त्याची धाकटी मुलगी लिडिया. शिकून वकील झाली, पण आयुष्य घातलं ते नवशिक्यांना शिकवण्यात. आंद्रेओ चेह नावाच्या एका धर्मगुरूंनी १९२० मध्ये सिबिऊ गावात शिकवण्याची एक रीत काढली होती. त्यांच्या वर्गात रुमानियन, हंगेरियन, जर्मन असे निरनिराळ्या भाषांचे लोक. मग पुस्तक नाही, भाषांतर नाही, व्याकरणाचं व्याख्यान नाही. वस्तू दाखवायची, सोपा प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं, हसत हसत. एकट्याला उभं करून चूक काढायची नाही. लिडिया ही रीत त्यांच्याकडून शिकली आणि युरोपात, अमेरिकेत हिंडून शिकवत राहिली. १९४२ मध्ये नाझींनी तिला त्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारलं. व्याकरणाचा सगळ्यात मोठा वारसा जिच्याकडे होता, तिनं दारात उभं राहून नव्या माणसाला आत घ्यायचं काम पत्करलं. ताई, तुमच्या लेकीला ही गोष्ट जरूर सांगा.

पण मी पोलंड आणि फ्रान्स कशाला सांगत बसलेय? लेक शिकते त्या बारामतीतच याचा दाखला आहे.

कवी मोरोपंत पन्हाळ्याला १७२९ मध्ये जन्मले, पण हयात गेली बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं. १७९४ मध्ये तिथंच वारले. त्यांनी एकशे आठ रामायणं लिहिली असं सांगतात. त्यांतलं एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठाला ओठ लावून म्हणायची अक्षरं, म्हणजे प, फ, ब, भ, म, त्यात येऊ द्यायची नाहीत. आता विचार करा, ‘म’ नाही म्हणजे ‘राम’ म्हणायचीही सोय नाही, आणि लिहायचं रामायण! पंडितांनी माना डोलवाव्यात असा हा खेळ. पण याच मोरोपंतांनी बायकांना घरात म्हणता यावीत म्हणून सीतागीत, सावित्रीगीत, रुक्मिणीगीत अशी सोपी गीतंही रचली. पंडितांसाठी रामायण थांबलं नाही आणि बायकांना “आधी निरोष्ठ समजून घ्या, मग या” असं सांगितलं नाही. दोन्ही दारं एकाच घराची.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याकडे आहे. महानुभाव पंथाच्या लोकांनी आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्या केल्या. हेतू रक्षणाचा होता आणि ग्रंथ राहिलेही. पण किल्ली ठाऊक असलेले थोडे, म्हणून आपल्या मराठीचं इतकं जुनं आणि गोड गद्य बाकीच्या मराठी माणसांना कित्येक शतकं वाचताच आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी त्या लिप्या उलगडल्या तेव्हा ते सगळ्यांसमोर आलं. त्यांना कुलूप लावण्याचं कारण होतं. तुमच्या लेकीच्या वहीला असं काय कारण आहे?

आता मैत्रिणींनो, जरा आपल्याकडे वळते.

प्रत्येक घराला स्वतःची अशी एक भाषा असते, नाही का? “तो मधला डबा दे.” मधला म्हणजे कोणता? “नेहमीएवढं तिखट घाल.” नेहमी म्हणजे किती? “यांचं ताट.” यांचं कोणतं? सासरी आल्यावर पहिलं वर्ष आपण ही भाषा शिकण्यात घालवलंय. मला अजून आठवतं, पुरणाला किती शिजवायचं विचारलं तर उत्तर मिळालं, “कळतं ते.” ज्यांना कळतं त्यांना कळतं हो, पण मला कळत नव्हतं म्हणून तर विचारलं! आणि दुसऱ्यांदा विचारायला गेले तर, “एवढंही येत नाही?” त्या तीन शब्दांनंतर मी कित्येक दिवस कुणाला काही विचारलं नाही. अंदाजानं केलं, बिघडवलं, आणि एकटीनं शिकले. त्यात माझे दिवस गेले आणि सासूबाईंना माझ्याशी बोलायची जी संधी होती तीही गेली. त्या वाईट नव्हत्या. त्यांना इतकं येत होतं की न येणं कसं असतं हे त्या विसरल्या होत्या.

ताई, तुमच्या जाऊबाई “भात लावायचाय” म्हणून उठल्या ना, त्या का उठल्या हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मग चुकलं कोणाचं? लेकीचं चुकलं, ते तिनं काकूला हसू दिलं आणि लहानग्याला परतवलं तिथं. वाद घातला हे चुकलं नाही. ‘आपण’ आणि ‘आम्ही’वर दोन तास बोलू शकणारी मुलगी हुशार आहे, तिला ते बोलायला माणसं मिळायला हवीत. आणि थोडं तुमचंही चुकलं. “सगळ्यांना कळेल तेवढंच बोला” म्हटलं की जाणत्यांचं मन मरतं आणि तेही उठून जातात. मग नव्यांना शिकवायला उरतं कोण? गाण्याच्या वर्गात रोज सारेगमच चाललं तर चार वर्षं शिकलेली मुलगी कशाला येईल? दोघांनाही जागा हवी, फक्त एकाच वेळी एकाच सतरंजीवर नको.

तर आता करायचं काय? लेकीला जवळ बसवा आणि या चार-सहा गोष्टी सांगून पाहा.

एक. वहीचं पहिलं पान नव्यानं लिहायला सांगा. त्यावर नियम नकोत. वीस शब्द आणि पाच वाक्यं. पाणी, भाकरी, ये, बस, हो, नाही. आणि सगळ्यांत आधी हे वाक्य: “मला कळलं नाही, पुन्हा सांग.” ते ज्याला त्या भाषेत म्हणता आलं, तो आत आला असं समजायचं.

दोन. जाणत्यांनी पाळ्या लावाव्यात. आज एकीनं लहानांबरोबर बसायचं, उद्या दुसरीनं. एकच प्रश्न दहा वेळा आला तरी दहा वेळा उत्तर द्यायचं. रोज एकीच्याच गळ्यात हे काम पडलं तर ती कंटाळते आणि मग खेकसते. म्हणून पाळी हवी, अगदी पाणी भरायची असते तशी.

तीन. वादाला वेळ ठरवा. दिवेलागणीनंतर अर्धा-पाऊण तास, गच्चीवर. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं, पण तिथं “पाण्याला काय म्हणतात” विचारायचं नाही. आणि खाली अंगणात सकाळी खेळताना कुणी व्याकरण काढायचं नाही. घराचा नियम म्हणून तुम्ही हे सांगितलंत तर मुली ऐकतील.

चार. एकदा ठरलं की पुढच्या सुट्टीपर्यंत बदलायचं नाही. दिवाळीत ठरलेलं उन्हाळ्यापर्यंत तसंच. दर शनिवारी एस.टी.तून नवा नियम उतरायला लागला तर इंदापूरची मुलं कुठवर पाठ करतील?

पाच. नवशिक्यांच्या चुका टिपून ठेवा. एकजण अडखळला तर त्याला समजावून सांगा. पाचही जण एकाच जागी अडखळले तर तिथं नियमच तपासायला हवा. गच्चीवरच्या वादाला याच्याइतका चांगला विषय मिळायचा नाही.

सहा. नव्यांनाही थोडं सांगायचं. एस्पेरान्तोवाल्यांत एक थट्टेचा शब्द आहे, ‘एतेर्ना कोमेन्त्सान्तो’, म्हणजे कायमचा नवशिका. दहा वर्षं वर्गात येतो आणि पहिल्या धड्याच्या पुढे जात नाही. तसं होऊ नये म्हणून सोपा उपाय: ज्याला काल उत्तर मिळालं, त्यानं आज दुसऱ्याला सांगायचं. तिसरीतल्या मुलानं शेजारच्या पहिलीतल्या मुलीला ‘पाणी’ शिकवलं की तो पुन्हा विसरायचा नाही, बघाच.

आणि जाऊबाईंचं? लेकीनं नुसतं “सॉरी काकू” म्हटलं तर त्या “असू दे गं” म्हणतील आणि गोष्ट तिथंच राहील. त्यापेक्षा वही घेऊन तिला स्वयंपाकघरात जाऊ द्या. मी पैजेवर सांगते, सोळा वर्षांच्या मुलींनी केलेल्या भाषेत फोडणीला शब्द नसेल. उतू जाणं, करपणं, मुरणं, विरजण लावणं, यातलं काहीच नसेल. “काकू, हे शब्द आमच्याकडे नाहीत, तुम्ही सांगा,” असं लेकीनं म्हणावं. त्यांच्या माहेरचा एखादा वेगळा शब्दही निघेल. ज्या जागी त्या जाणत्या आहेत, तिथं लेक नवशिकी होऊन बसली की दोघींचंही काम होईल.

हे सगळं फक्त मुलांच्या भाषेपुरतं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. विणकामाचा वर्ग असो, भजनी मंडळ असो, भिशी असो, की सुनेची पहिली दिवाळी असो. जुन्याजाणत्यांच्या बारीक गप्पा हव्यातच, त्यांच्यामुळे काम सुधारतं. पण पाहुणा दारात आला तर आपण आधी काय करतो? पाण्याचा तांब्या पुढे करतो. कुठून आलात, कोणाकडचे, हे सगळं नंतर.

राहता राहिला तो गच्चीवरचा वाद. माझं मत कुणी विचारलं नाही, तरी सांगते. मुलींनो, ‘आपण’ आणि ‘आम्ही’ दोन्ही शब्द ठेवा. एस्पेरान्तोत दोन्हींना मिळून एकच ‘नी’ आहे आणि त्यांचं काही अडलं नाही, हे खरं. पण दोन असले की बोलताना आपलं आपल्यालाच कळतं, समोर उभ्या असलेल्या लहानग्याला आपण आत धरलंय की बाहेर ठेवलंय.

ताई, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा पत्र पाठवा. किती जण बोलतात ते कळवा. आणि हो, त्या भाषेत पाण्याला काय म्हणतात, ते तेवढं लिहायला विसरू नका. तुमच्या पत्रात ते राहूनच गेलंय!